अंडं थांबलं, अडकलं की पोटातच राहिलं? परसातल्या कोंबड्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

कोल्हापूर जिल्ह्यात करवीरपासून चंदगडपर्यंत परसात पाच-दहा कोंबड्या पाळणारी घरं भरपूर आहेत. त्यातली एखादी अंडं देईना झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणतं औषध द्यायचं?" हा प्रश्न फार लवकर येतो. अंडं बंद होण्यामागे दहा कारणं असतात. त्यातली निम्मी आजार नसतातच, आणि उरलेल्यांपैकी दोन अशी असतात की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर कोंबडी हाताशी राहत नाही. म्हणून औषधाच्या आधी कोंबडी उचलून हातानं तपासायला शिका. पाच मिनिटांचं काम आहे आणि घरातल्या कुणालाही जमतं.

अंडं कसं तयार होतं, एवढं आधी माहीत हवं

कोंबडीची फक्त डाव्या बाजूची अंडनलिका काम करते. बीजकोशातून बलक सुटतो आणि नलिकेच्या पसरट तोंडात पडतो. पुढे पांढरा भाग चढायला साधारण ३ तास लागतात, आतली पातळ त्वचा तासा-सव्वा तासात बनते आणि कवच चढायला तब्बल १८ ते २० तास जातात. एकूण २४ ते २६ तास. म्हणूनच चांगली कोंबडीसुद्धा रोज थोडी उशिरा अंडं घालते आणि मधेच एक दिवस खाडा करते. तो खाडा म्हणजे आजार नव्हे.

आता बिघाड कुठं होतो ते बघा. बलक नलिकेच्या तोंडात न पडता पोटात पडला तर पोटात पू होऊ शकतो. नलिकेला मधे कुठं संसर्ग झाला तर आत गोळे साठतात. कवच बनताना कॅल्शियम कमी पडलं तर अंडं मऊ येतं, आणि नलिकेच्या स्नायूंना जोर उरला नाही तर ते शेवटच्या टप्प्यात अडकतं. कळा देऊन देऊन नलिकेचा शेवटचा भागच उलटा बाहेर आला, तर आपल्याकडे "अंग बाहेर आलं" म्हणतात. आजार वेगवेगळे दिसतात, पण सगळे या एकाच वाटेवरचे आहेत.

आधी ठरवा, खरंच बंद झालं आहे का

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या पिंजराच्या (भाताच्या पेंढ्याच्या) गंजीत, उसाच्या सरीत, जळणाच्या ढिगाऱ्यामागं अंडी घालून ठेवतात आणि आपण इकडं आजार शोधत बसतो. तीन-चार दिवस कोंबड्या सकाळी ११ वाजेपर्यंत खुराड्यातच ठेवा. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडं घालतात, त्यामुळे कोण देते आणि कोण देत नाही ते कळतं. संशय एकीवर असेल तर तिला वेगळ्या डालग्याखाली ठेवा. पायात रंगीत दोरा सैलसर बांधून ठेवला की ओळखायला सोपं जातं.

त्यानंतर नैसर्गिक कारणं तपासून बाजूला काढा. गावरान कोंबडी १०-१५ अंडी देते आणि खुडूक, म्हणजे उबवायला, बसते. ती अंगावर पिसं फुलवून जागेवर चिकटून राहते, हात घातला की टोचते. ही तिची रीत आहे. वर्षाला ६०-८० अंडी ही गावरान कोंबडीची चांगलीच मजल आहे. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती शंभराच्या वर जातात. त्यांच्याशी तुलना करून गावरान कोंबडीला औषधं पाजू नका.

पिसं झडायच्या दिवसांत ८ ते १२ आठवडे अंडी बंद राहतात, कारण सगळी प्रथिनं नवीन पिसांना लागतात. मान आणि शेपूट बोडकी झालेली, पण खातपीत, फिरत असलेली कोंबडी निरोगी समजा आणि तिला प्रथिनं जास्त द्या.

उजेडाचं गणित मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला रोज १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. कोल्हापुरात डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, आणि जूनमध्येही १३ तासांच्या थोडाच वर जातो. त्यातच राधानगरी, गगनबावडा भागात पावसाळ्यात खुराड्यात दिवसाही अंधारच असतो. सुधारित जातीच्या कोंबड्यांसाठी एक छोटा बल्ब पहाटे लावा, संध्याकाळी नको. संध्याकाळी बल्ब एकदम विझला की कोंबड्या दांडीवर न चढता अंधारात चाचपडत राहतात. गावरान कोंबडीला वर्षातून विश्रांती मिळाली तर माझ्या मते ते चांगलंच. ज्या कोंबडीला सारखं अंडं द्यायला लावलं जातं, तिलाच पुढचे बहुतेक आजार होतात.

कोंबडी हातानं कशी तपासायची

दिवेलागणीनंतर कोंबड्या दांडीवर बसल्या की तपासा. पळापळ होत नाही. कोंबडी डाव्या काखेत अशी घ्या की तिचं डोकं तुमच्या पाठीकडं आणि शेपूट समोर येईल. पंख अंगाशी दाबलेले राहिले पाहिजेत, पण छाती आवळू नका. कोंबडीचा श्वास छाती हलण्यावर चालतो.

गळ्याखालच्या पिशवीपासून सुरुवात करा. संध्याकाळी ती भरलेली हवी. रिकामी असेल तर कोंबडी दिवसभर खात नव्हती. मग छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस असेल तर ठीक. हाड धारदार लागलं तर आजार आजचा नाही, काही आठवड्यांचा आहे.

आता शेपटीखाली बघा. अंड्यावर असलेल्या कोंबडीची मागची वाट मोठी, ओलसर आणि फिकट असते. अंडी बंद असलेलीची लहान, कोरडी आणि आक्रसलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना त्वचेखाली दोन बारीक हाडांची टोकं लागतात. त्यांच्यामधे दोन-तीन बोटं आडवी मावली तर कोंबडी अंड्यावर आहे. एकही बोट नीट मावत नसेल तर ती सध्या देत नाही, आणि अशा कोंबडीत अंडं अडकण्याचा प्रश्न सहसा येत नाही.

शेवटी छातीच्या हाडाचं मागचं टोक आणि ही दोन टोकं यांच्यामधलं पोट तळहातात घ्या. ते मऊ आणि सैल लागलं पाहिजे. तिथं एक गोल, टणक वस्तू हाताला लागली तर अंडं आत आहे. पाण्यानं भरलेलं, डुचमळणारं लागलं तर आत द्रव साठला आहे. कणकेच्या गोळ्यासारखं घट्ट लागलं तर आत चरबी आहे किंवा जुनाट गोळा. निरोगी कोंबड्यांची पोटं आधी चार-पाच वेळा चाचपून ठेवा, म्हणजे बिघडलेलं पोट हाताला लगेच कळतं.

त्याच वेळी पिसं बाजूला सारून मागच्या वाटेभोवती उवा आणि गोचडी बघा. रक्त पिणाऱ्या गोचडीमुळे तुरा पांढरट पडतो आणि अंडी आपोआप घटतात.

अंडं अडकलं असेल तर: आजच, आत्ताच

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. कोंबडी सारखी अंड्याच्या जागी जाते आणि रिकामीच उठते. शेपूट खाली, छाती वर, पाय फाकवून जवळपास उभी राहते. मागची वाट उघडझाप करते, कळा देते. शीट पातळ होते किंवा होतच नाही. खाणं बंद, डोळे अर्धे मिटलेले. असं अडकलेलं अंडं साधारण एका दिवसाच्या पुढं गेलं की जिवाला धोका वाढत जातो, कारण अंड्याचा दाब नसांवर, मूत्रनलिकांवर आणि आतड्यावर येतो.

एका पसरट पातेल्यात सोसेल इतकं गरम पाणी घ्या. ३९-४० अंश पुरे. कोंबडीच्या अंगाचंच तापमान ४१ ते ४२ अंश असतं, त्यामुळे आपल्या हाताला ऊबदार वाटणारं पाणी तिला भाजत नाही. पोटापर्यंत बुडेल अशी तिला १५ ते २० मिनिटं बसवा. डोळ्यांवर हलका कपडा टाकला की पहिल्या दोन-चार मिनिटांनंतर ती शांत होते. पाणी निवलं तर बाजूनं गरम पाणी घाला. मग टॉवेलनं कोरडी करून बंद, अंधाऱ्या, उबदार खोक्यात ठेवा. पावसाळ्यात ओली कोंबडी तशीच सोडलीत तर गारठ्यानं अवस्था आणखी बिघडते.

पाण्यातून काढल्यावर कॅल्शियम द्या. माणसांची ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि डी३ ची गोळी बहुतेक घरांत असते. डॉक्टरांना फोनवर विचारून अर्धी आत्ता आणि अर्धी संध्याकाळी, बारीक करून थोड्या ओल्या खाद्यात द्या. कोंबडी स्वतःहून गिळत असेल तरच. मान टाकलेल्या कोंबडीच्या चोचीत पातळ औषध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

मागच्या वाटेला आतून-बाहेरून खोबरेल किंवा साधं पॅराफिन तेल लावा. नखं कापलेली असू द्या, हातमोजा घाला, आणि तेल लावलेलं एक बोट दोन इंचांपर्यंत अलगद आत सरकवा. कवच बोटाला लागलं तर त्याभोवती तेल फिरवा आणि बोट काढा. ओढू नका. बाहेरून पोट दाबून अंडं ढकलण्याचा मोह तर अजिबात नको. आत कवच फुटलं तर त्याचे तुकडे नलिका कापतात आणि मग कोंबडी वाचवणं फार अवघड होतं.

तासाभरानं पुन्हा बघा. हे सगळं दोनदा करूनही अंडं आलं नाही, किंवा कोंबडी मलूल होत चालली, तर जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या. ते कॅल्शियमचं इंजेक्शन देतात, नलिका आकुंचन पावण्याचं औषध देतात, आणि गरज पडली तर सुईनं अंड्यातला द्रव काढून कवच सांभाळून बाहेर घेतात. ही कामं घरी करायची नाहीत. नलिकेच्या आकुंचनाचं इंजेक्शन वाट मोकळी नसताना दिलं तर नलिका फाटू शकते. डॉक्टर गाठणं अवघड असेल तर पशुसंवर्धनाच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.

अंडं बाहेर आल्यावरही कोंबडी चार-पाच दिवस वेगळी आणि कमी उजेडात, दिवसाला ८-१० तासच, ठेवा. अंडी तात्पुरती थांबतात आणि नलिकेला आराम मिळतो.

अंग बाहेर आलं असेल तर

शेपटीखाली लाल, ओलसर गोळा दिसतो. पहिलं काम: कोंबडी कळपातून काढा. लाल रंग दिसला की बाकीच्या टोचायला लागतात, आणि टोचत टोचत आतडी ओढून काढतात. वेगळं करायला उशीर झाला म्हणून गेलेल्या कोंबड्या मूळ दुखण्यानं गेलेल्यांपेक्षा कमी नसतील.

उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं, लिटरला सपाट दोन चमचे मीठ या मापानं, तो भाग धुवा. माती, पिंजर, शीट सगळं निघालं पाहिजे. सूज जास्त असेल तर त्यावर पिठीसाखर भुरभुरून दहा मिनिटं थांबा. साखर पाणी ओढून घेते आणि सूज उतरते. पुन्हा धुवा, तेल लावा, हातमोज्याच्या बोटांनी हलकेच आत सारा आणि दोन मिनिटं तसंच धरून ठेवा. आत अंडं असेल तर आधी ते निघालं पाहिजे.

आपल्याकडं अशा वेळी हळद-तेल थापायची पद्धत आहे. हळदीचा जाड लेप बसला की खाली भाग लाल आहे की काळा पडतोय ते दिसेनासं होतं. आणि तेच तर बघायचं असतं. काळपट, कोरडा पडलेला किंवा फाटलेला भाग म्हणजे थेट डॉक्टर. परत परत बाहेर येत असेल तर डॉक्टर टाका घालतात. दहा-पंधरा दिवस उजेड कमी ठेवा आणि मक्याचा मारा थांबवा.

हे दुखणं लवकर अंड्यावर आलेल्या तलंगांत, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांत, आणि फार चरबी झालेल्या कोंबड्यांत जास्त दिसतं. तलंगांना वाढीच्या काळात जादा उजेड देऊ नका. अंग वाढण्याआधी अंडं सुरू झालं की त्रास ठरलेला.

अंड्याचं कवच काय सांगतं

एका कवचात सुमारे २ ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीनं दिवसाला १००-११० ग्रॅम लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) खाल्लं, त्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असलं, तर हिशेब जुळतो. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून आणलेला मका, घरचा भात, भाकरीचे तुकडे यांत कॅल्शियम जवळपास नसतंच. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतून ते काढते आणि काही महिन्यांनी अडकलेली अंडी आणि लंगड्या कोंबड्या समोर येतात.

उपाय स्वस्त आहे. शिंपल्याचा जाडा चुरा वेगळ्या वाडग्यात कायम ठेवा, खाद्यात मिसळू नका. ज्या कोंबडीला गरज आहे ती खाते. संध्याकाळी वाडगं भरलेलं असेल याची खात्री करा, कारण कवच रात्री चढतं आणि जाडा चुरा पोटात हळूहळू विरघळत राहतो. घरच्या अंड्यांची टरफलं भाजून, बारीक करून चालतात. अख्खी टाकलीत तर अंडी फोडून खायची सवय लागते. लेयर खाद्य पिलांना आणि लहान तलंगांना देऊ नका, इतकं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही.

शिंपला असूनही एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खुराड्यात पातळ कवचाची अंडी येतात. कोंबडी धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारा कच्चा मालच आटतो. इथं औषध म्हणजे सावली, पत्र्यावर पिंजराचा थर आणि गार पाणी.

एकाच कोंबडीचं एखादं मऊ अंडं सोडून द्या. पण सगळ्या कोंबड्यांची अंडी एकदम सुरकुतलेली, वेडीवाकडी, पांढरा भाग पाण्यासारखा झालेला, आणि सोबत शिंका किंवा घरघर, असं दिसलं तर श्वासनलिकेचा विषाणू, म्हणजे इन्फेक्शियस ब्राँकायटिस, आला असण्याची शक्यता मोठी. कोंबड्या ठणठणीत आणि तरीही तपकिरी अंडी पांढरी पडत कवच जात असेल, तर एग ड्रॉप सिंड्रोमचा संशय घ्यावा. हे दोन्ही घरी ओळखून घरी बरे होणारे नाहीत.

पोट भरलं, पण अंडं नाही: आतले आजार

हा भाग सगळ्यात अवघड आहे. कोंबडी हळूहळू बारीक होते, छातीचं हाड वर येतं, पण पोट मोठं होत जातं. मागची पिसं घाण होतात. आत दोन-तीन गोष्टी घडत असतात.

पहिली, नलिकेचा संसर्ग. बहुतेक वेळा शिटेतले ई. कोलाय जंतू मागच्या वाटेनं वर चढतात. आमच्या गल्लीतल्या काकूंनी एकदा कागदात गुंडाळून एक गोळा आणला होता. "ह्ये कसलं अंडं म्हणायचं रं?" पिवळट, रबरी, अंड्याच्याच आकाराचा. सुरीनं कापला तर आत कांद्यासारखे थर, मधोमध बलकाचा डाग, आणि कुबट वास. ते अंडं नव्हतंच. नलिकेत साठलेला पू थरावर थर बसून घट्ट झालेला होता. असा गोळा दिसला की कोंबडी वरून बरी दिसत असली तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. गोळा फेकू नका, डब्यात घालून सोबत न्या.

दुसरी, पोटात पडलेला बलक. तो शोषला गेला तर काही होत नाही. त्याला जंतू लागले तर पोटात पू आणि पाणी साठतं, ताप येतो, तुरा निळसर पडतो. लहानपणी ब्राँकायटिस होऊन नलिका खराब झालेली कोंबडीही अशीच फसवते. ती रोज अंड्याच्या जागी बसते, हाडंही दोन-तीन बोटं उघडलेली असतात, पण अंडं कधीच येत नाही. बलक पोटात पडत राहतो.

तिसरी, बीजकोशाची किंवा नलिकेची गाठ. दोन-तीन वर्षांपुढच्या कोंबड्यांत ही दुर्मीळ नाही. औषधानं ती जात नाही.

डॉक्टर सुईनं पोटातलं पाणी काढून आराम देऊ शकतात, योग्य प्रतिजैविक देऊ शकतात. लवकर आणलेल्या काही कोंबड्या सावरतात. पण हाडाला चामडी लागलेली, न खाणारी, श्वासासाठी चोच उघडी ठेवणारी कोंबडी आठवडेच्या आठवडे ओढत ठेवणं मला योग्य वाटत नाही. तिला वेदना होत असतात. डॉक्टरांशी स्पष्ट बोलून शांतपणे जीव सोडवणं हाही उपचारच आहे.

मेडिकलमधून अंदाजानं आणलेली प्रतिजैविकं देऊ नका. चुकीचं औषध अर्धवट दिलं की जंतू आणखी चिवट होतात, आणि औषधाचा अंश अंड्यातून मुलांच्या ताटात जातो. डॉक्टरांनी औषध दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत हे विचारा आणि ती पुरून टाका. आजारी कोंबडी कापून रस्सा करण्याचा विचारही नको. पोटात पू असलेली कोंबडी साफ करताना हाताला, पाटावर, सुरीला जंतू लागतात आणि घरभर पसरतात.

पावसाळा, खाद्य आणि नवीन कोंबडी

कोल्हापुरात पावसाळा लांबला की मक्याला आणि शेंगपेंडीला बुरशी धरते. तिच्या विषानं यकृत खराब होतं, अंडी घटतात. कुबट वासाचं किंवा गाठी झालेलं खाद्य वाळवून पुन्हा वापरू नका, विष तसंच राहतं. जूननंतर पंधरवड्याला पुरेल इतकंच आणा आणि पोती फळीवर ठेवा. खुराड्यात बसायच्या जागेची पिंजर ओली झाली की बदला. ई. कोलायची सुरुवात तिथूनच होते.

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी तीन-चार आठवडे वेगळी ठेवा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वेळेवर द्या. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठ आठवड्यांच्या सुमारास आर२बी ही रूढ पद्धत आहे. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना आर२बी टोचू नका.

अंडी एकाएकी बंद होऊन एका-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या मेल्या, डोकी सुजली, तुरे काळेनिळे पडले, तर उचलाउचली करू नका, विकू नका, नदी-ओढ्यात टाकू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

एखादीच मेली आणि कारण कळलं नाही, तर शवविच्छेदन करून घ्या. उरलेल्यांना काय द्यायचं ते त्यातून ठरतं. तालुक्याच्या दवाखान्यात विचारा. तिथून पुढं तपासणी लागली तर पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात नमुने पाठवले जातात. मेलेली कोंबडी फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठली की आतले भाग तपासता येत नाहीत. दोन पिशव्यांत बांधून बर्फात ठेवा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत पोचवा. पिशवीला चिठ्ठी लावा: वय किती, शेवटचं अंडं कधी दिलं, खाद्य कोणतं होतं, लस कधी झाली आणि कोणतं औषध दिलं होतं.